नंबर तोच, पण दोन अनुस्वारांचा एक झाला

सप्टेंबरचा शेवट होता. दिवाळी अंकांची प्रुफं जेवणाच्या टेबलावरून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत पोचली होती. डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन आला. "ताई, सतराव्या पानावर 'संथ'वरचा जादा अनुस्वार काढायला सांगितलाय तुम्ही. पण तिथं एकच आहे."

"नीट बघ."

"मोठं करून बघितलं ना. एकच आहे."

मी पान काढलं. दोन होते, शेजारीशेजारी. डावा डोळा झाकला, एक. उजवा झाकला, तरी एक. दोन्ही उघडले की पुन्हा दोन. पंचवीस वर्षं ऱ्हस्वदीर्घ आणि टिंबं मोजून पोट भरणाऱ्या बाईला नसलेलं टिंब दिसायला लागलं, म्हणजे दुकान बंद करायचीच वेळ.

पुढच्या तीन महिन्यांत त्या दोन टिंबांचं एक झालं, आणि ते खरोखर व्यायामानं झालं. चष्म्याचा नंबर मात्र होता तेवढाच आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळायला मला वीस वर्षं लागली. 'व्यायामानं चष्मा घालवा' असं कुठंतरी वाचून तुम्ही इथं आला असाल, तर आधीच सांगते: तो जात नाही. मी घालवून बघितलाय.

माझी पहिली फजिती

तिशीच्या अलीकडे होते तेव्हाची गोष्ट. उणे सव्वादोनचा चष्मा, दोन्ही डोळ्यांना. एका सात दिवसांच्या शिबिराला गेले. तळवे एकमेकांवर घासून मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे, सकाळच्या उन्हाकडे तोंड करून डुलायचं, बुबुळं वर-खाली आणि गोल फिरवायची, आणि भिंतीवर लावलेला तक्ता रोज चष्म्याशिवाय वाचायचा. नेमानं केलं. तीन महिन्यांत मी दोन ओळी खालपर्यंत वाचायला लागले. ओळखीच्या प्रत्येकाला सांगितलं, पेढे तेवढे वाटायचे राहिले. मग ऐटीत चष्म्याच्या दुकानात गेले. त्यांनी यंत्रापुढं हनुवटी टेकवायला लावली आणि चिठ्ठी हातात दिली. उणे सव्वादोन.

मग ओळी कशा वाचता आल्या? तक्ता रोज तोच, तो नकळत पाठ झालेला. त्यात माझा धंदा असा की धूसर ठशावरून घ की ध, भ की म हे ताडायची सवय हाडात मुरलेली. शिवाय माणूस नकळत डोळे किलकिले करतो. फट बारीक झाली की कडेचे किरण अडतात आणि चित्र थोडं रेखीव होतं. कार्डाला टाचणीनं भोक पाडून त्यातून बघा, तेच होईल. म्हणजे माझा मेंदू ओळखायला शिकला होता, डोळ्याला काही जास्त दिसत नव्हतं. प्रूफ वाचणाऱ्याला तर हे आधी कळायला हवं होतं. जे छापलंय ते न वाचता जे असायला हवं ते वाचणं, यातूनच तर आमच्या चुका सुटतात.

नंबर का हलत नाही, याचं कारण एकदा समजून घेतलं की पुढचे बरेच पैसे वाचतात. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागं साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. लांबचं न दिसणाऱ्यांचा बहुतेक वेळा त्याहून लांबलेला असतो, आणि एक मिलिमीटर लांबी वाढली की अडीच ते तीन नंबर चढतो. म्हणजे माझा सगळा सव्वादोन नंबर एका मिलिमीटरच्या आतला खेळ. वाटायला किती कमी! पण वाढलेला डोळा बुबुळं फिरवून आखूड होत नाही, जसा योगासनं करून कुणी दोन इंच बुटका होत नाही.

हा सगळा प्रकार न्यूयॉर्कच्या विल्यम बेट्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांपासून सुरू झाला. त्यांनी १९२० मध्ये मांडलं की डोळ्याबाहेरचे स्नायू ताणले जातात, त्यामुळे डोळ्याचा आकार बदलतो आणि नंबर लागतो. तो ताण काढा, चष्मा जाईल. गंमत म्हणजे जवळचं-लांबचं बघताना डोळ्यात नेमकं काय बदलतं, हे लंडनच्या थॉमस यंगनी १८०१ मध्येच शोधून ठेवलं होतं, तेही स्वतःच्या डोळ्यावर. डोळा पाण्याला लावून त्यांनी समोरच्या पारदर्शक पडद्याचा परिणाम घालवला, तरी त्यांना जवळ-लांब नजर जुळवता आली. म्हणजे काम आतल्या भिंगाचं. ते भिंग चाळिशीला कडक व्हायला लागतं, म्हणून आपल्याकडे त्या चष्म्याचं नावच चाळिशी. तीही व्यायामानं सुटत नाही.

मग व्यायाम कशावर चालतो

डोळे दोन आहेत, आणि जवळचं बघताना दोघांनी मिळून नाकाकडे वळायचं असतं. हे वळणं स्नायूंचं काम आहे आणि मेंदूच्या हुकमाचं. इथं सराव चालतो.

माझं तेच बिघडलं होतं. उणे नंबरवाल्यांची एक चैन असते, चष्मा काढला की जवळचं फुकटात दिसतं. माझ्या नंबरला ते अंतर ४४ सेंटिमीटर, म्हणजे मांडीवरच्या प्रुफाला अगदी हवं तेवढं. पण जवळचं बघताना भिंग फुगणं आणि डोळे आत वळणं या दोन गोष्टी मेंदूनं एकमेकींना बांधून ठेवलेल्या आहेत. मी वर्षानुवर्षं चष्मा काढून वाचलं, भिंगाला काम दिलंच नाही, तर वळण्याचा हुकूमही ढिला पडला. चाळिशी उलटली, कामाचे तास वाढले, आणि संध्याकाळी डोळे बाहेरच्या बाहेर सरकायला लागले. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनी हे मला एका पेनाच्या टोकावर दाखवलं.

तुम्हीही तपासू शकता. तुमचा वाचायचा चष्मा असेल तर तो लावा. फूटपट्टीचं शून्य नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मध्ये धरायला घरातल्या कुणाला तरी सांगा. पेन्सिलीचं टोक हातभर लांबून हळूहळू नाकाकडे आणा. अस्पष्ट झालं तर होऊ द्या, पन्नाशीला ते होणारच. एकाची दोन टोकं कधी होतात तेवढं बघा. चांगल्या डोळ्यांना ती नाकापासून ६ ते १० सेंटिमीटरपर्यंत एकच दिसते. माझी १९ वर फुटली. फूटपट्टी धरणाऱ्या नवऱ्याला वाटलं मी मुद्दाम करतेय.

पण त्याआधी एक चाचणी, फोनवर मी केली तीच. दोन दिसत असेल तर एक डोळा झाका. एकच डोळा उघडा ठेवूनही दोन दिसत असेल, तर दोष डोळ्यांच्या जोडीत नाही, त्या एका डोळ्यात आहे: सिलिंडर नंबर, मोतीबिंदू, कोरडेपणा, काहीतरी. हे व्यायाम त्यावर नाहीत. आणि दोन दिसणं अचानक सुरू झालं असेल, सोबत पापणी लोंबत असेल, डोकं भयंकर दुखत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा मधुमेह असेल, तर पेन्सिल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पेन्सिल

हे सगळ्यात साधं. पेन्सिलीच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं ना काहीतरी, त्यातलं एक अक्षर निवडा. नुसत्या टोकापेक्षा अक्षर बरं, नजरेला धरायला काहीतरी मिळतं. हात पूर्ण लांब. पेन्सिल नाकाच्या रेषेत, डोळ्यांपेक्षा किंचित खाली. सावकाश जवळ आणा. दोन व्हायला लागली की तिथंच थांबा आणि जोर लावून, म्हणजे डोळ्यांनी, ती पुन्हा एक करा. झाली तर आणखी अर्धा इंच आत. नाही झाली तर थोडी मागं नेऊन पुन्हा. कपाळाला आठ्या घालू नका, त्यानं काही होत नाही, फक्त फोटो वाईट येतात.

आम्हाला सांगितलं होतं दिवसाला १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, १२ आठवडे. मी ती १५ मिनिटं सकाळी पाच, दुपारी पाच आणि संध्याकाळी पाच अशी वाटून घेतली, कारण सलग केलं की मळमळायचं. पहिले आठ-दहा दिवस डोळ्यांमागं ओढल्यासारखं वाटतं. ते जिममध्ये पहिल्या आठवड्यात मांड्या धरतात तसलं. दुखणं दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं तर मात्र विचारून घ्या.

आणखी एक सांगायला हवं. अमेरिकेत शाळकरी मुलांवर याची मोठी चाचणी झाली होती, तिचा निकाल २००८ साली आला. दवाखान्यात दर आठवड्याला बसवून, वेगवेगळे व्यायाम देऊन आणि घरी सराव करून घेतलेल्या मुलांपैकी ७३ टक्के सुधारली. घरी फक्त पेन्सिल करणाऱ्यांपैकी ४३ टक्के. आणि खोटेच व्यायाम दिलेल्या मुलांपैकीही ३५ टक्के! म्हणजे एकट्या पेन्सिलीवर विसंबू नका, आणि बरं वाटलं म्हणून लगेच बरं झालं असंही धरू नका. फूटपट्टी खोटं बोलत नाही, दर रविवारी तिलाच विचारा.

मण्यांची दोरी

मला खरा उपयोग झाला तो हिचा. दवाखान्यात तयार मिळते, पण मी तुळशीबागेतून तीन मोठे मणी आणले, लाल, पिवळा, हिरवा, आणि नाडीची पांढरी दोरी घेतली. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं जेवणाच्या खुर्चीत बसून नाकाच्या शेंड्याला टेकवून धरलं. नऊ फूट भरली. दोरी ताठ हवी. हिरवा मणी पाच फुटांवर, पिवळा हातभर, लाल वीतभर.

आता पिवळ्याकडे बघा. मणी एक दिसेल, पण दोऱ्या दोन दिसतील, आणि त्या बरोबर पिवळ्या मण्यात एकमेकींना छेदून फुली करतील. लाल आणि हिरवा मणी दोन-दोन दिसतील. घाबरू नका, हे असंच दिसायला हवं. आपण ज्याच्याकडे बघत नाही ते कायम दोन दिसत असतं, मेंदू ते दाबून टाकतो एवढंच. पहिल्यांदा ती फुली दिसली तेव्हा मी सासूबाईंना हाक मारून खुर्चीत बसवलं होतं.

या फुलीत सगळी माहिती आहे. ती मण्याच्या पलीकडे पडली, तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत. मण्याच्या अलीकडे पडली, तर जास्त वळलेत. आणि दोरी मुळात एकच दिसत असेल, तर मेंदूनं एका डोळ्याला रजा दिलीय. डोळे उघड-मीट करून दुसरी दोरी आली तर ठीक, नाही आली तर घरी खटाटोप करत बसू नका, तपासून घ्या. लहान मुलाला एकच दोरी दिसत असेल तर अजिबात वेळ घालवू नका, कारण आळशी पडलेल्या डोळ्याचे उपचार जितके लहानपणी होतील तितके बरे.

कृती अशी: हिरव्याकडे बघून सावकाश पाच आकडे मोजा, मग पिवळा, पाच, मग लाल, पाच. परत उलटं. दहा फेऱ्या. प्रत्येक वेळी फुली मण्यात आल्याशिवाय आकडे सुरू करायचे नाहीत. जमायला लागलं की लाल मणी दर दोन-चार दिवसांनी एक बोट नाकाकडे सरकवायचा. सुरुवातीला माझा लाल मणी वीतभरावर फुलीच धरेना, म्हणून तो हातभरावरून सुरू केला. कमीपणा वाटून घेऊ नका, मण्याला कुठं कळतंय.

बाराव्या आठवड्यात पेन्सिल ८ सेंटिमीटरपर्यंत एक दिसली. संध्याकाळचे दोन अनुस्वार त्याआधीच, सातव्या-आठव्या आठवड्यात, गेले होते. आता आठवड्यातून दोनदा दोरी करते. बंद केलं की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा ढिलं पडतं, हे एकदा पावसाळ्यात अनुभवलं.

बाकीचं थोडक्यात

डोळे जळजळणं, चुरचुरणं हे वळण्याचं दुखणं नव्हे, कोरडेपणाचं. आपण एरवी मिनिटाला १५-२० वेळा पापणी लववतो. पडद्याकडे किंवा बारीक अक्षराकडे बघताना ते निम्म्याच्याही खाली येतं, आणि उरलेल्यातली बरीचशी अर्धवट. म्हणून परिच्छेद संपला की डोळे पूर्ण मिटायचे, दोन आकडे, उघडायचे. परिच्छेद ही खूण मला चांगली सापडली, गजर लावला तर मी तो बंद करून टाकते. वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचा नियम तुम्ही ऐकला असेल. मी पानाला एकदा समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघते. रात्री कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या पापण्यांवर पाच-सात मिनिटं, कारण पापण्यांच्या कडांना तेलाच्या बारीक ग्रंथी असतात आणि त्या तुंबल्या की अश्रू भराभर उडून जातात. पंखा तोंडावर नको.

तळवे डोळ्यांवर ठेवणं मी अजूनही करते. छान वाटतं. फक्त दाबायचं नाही, आणि नंबराशी त्याचा संबंध नाही. त्राटकही तसंच. हठयोगात ते धौती, नेती यांच्याबरोबर सहा शुद्धिक्रियांमध्ये येतं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत एकटक बघायचं. एकाग्रतेसाठी ज्यांना करायचंय त्यांनी करावं. माझ्यासारख्या कोरड्या डोळ्यांच्या माणसानं एकटक बघायची गोष्टच करू नये.

उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघणं, मग तो उगवता का असेना, नाही म्हणजे नाही. डोळ्याचा पडदा भाजतो, दुखतही नाही, आणि गेलेली नजर परत येईलच असं नाही. डोळ्यात मध, एरंडेल, तूप, लिंबाचा रस, दुकानातलं गुलाबपाणी यांतलं काही घालायचं नाही. डोळे चोळायचे नाहीत. गाजर आणि शेवग्याचा पाला अवश्य खा, अ जीवनसत्त्व कमी असेल तर रात्रीची नजर सांभाळतात, पण पोटभर जेवणाऱ्याचा नंबर त्यानं उतरत नाही.

आणि हिरवळीवर अनवाणी चालणं! माझी आत्या सत्तरीला पोचली आणि एक दिवस चष्म्याशिवाय पंचांग वाचायला लागली. रोज सकाळी बागेत दवावर चालायची, त्याचाच हा गुण, असं तिनं अख्ख्या सोसायटीला पटवलं. चार बायका चप्पल काढून फिरायला लागल्या. वर्षभरानं तिला लांबचं दिसेना तेव्हा कळलं, मोतीबिंदू होता. भिंगाचा मधला भाग घट्ट होत जातो तेव्हा उणे नंबर चढतो, आणि त्या काळात जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं. उतारवयात चष्मा आपोआप सुटला तर आनंद करण्याआधी तपासून घ्या. रक्तातली साखर वर-खाली झाली तरी नंबर असा आठवड्या-दोन आठवड्यांत हलतो.

घरात मूल असेल तर

इथं मात्र काहीतरी करता येतं, आणि त्याला पेन्सिल लागत नाही. चीनमध्ये १९६३ पासून शाळांत मुलांना डोळ्यांभोवती बोटांनी दाबायचे व्यायाम करायला लावतात. त्यानंतरच्या काळात तिथल्या मुलांचे चष्मे वाढतच गेले. उलट ग्वांगझू शहरात बारा शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर जो प्रयोग झाला, त्यात निम्म्या शाळांतल्या मुलांनी रोज ४० मिनिटं जास्तीची मैदानावर काढली. तीन वर्षांनी या मुलांमध्ये उणे नंबर लागलेली होती ३० टक्के, बाकीच्या शाळांत जवळजवळ ४० टक्के. २०१५ मध्ये हा निकाल छापून आला. उन्हात खेळायचं, उन्हाकडे बघायचं नव्हे. बाहेरचा लख्ख उजेड मिळाला की डोळ्याची लांबी आवरती राहते.

माझ्या भाचीला पाचवीत नंबर लागला, तेव्हा आमच्या घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. "चष्मा सारखा लावू नकोस, सवय लागेल." "थोडा कमी नंबरचा करून घ्या, म्हणजे वाढणार नाही." दोन्ही चूक. कमी नंबरचा चष्मा लावून मुलांचा नंबर थांबत नाही. पूर्ण नंबर लावायचा, पुस्तक कोपरापासून बोटांपर्यंतच्या अंतरावर धरायचं, संध्याकाळी खाली खेळायला पिटाळायचं, आणि वर्षाला अर्ध्या नंबराहून जास्त वाढत असेल तर डॉक्टरांना थेंबांबद्दल विचारायचं. अगदी सौम्य ॲट्रोपिनचे थेंब असतात, ते वाढीचा वेग कमी करू शकतात. ते स्वतःच्या मनानं आणायचे नाहीत. भाची आता खो-खो खेळते, चष्म्याला मागून रबर लावून.

आपलं, मोठ्यांचं: चाळिशीनंतर वर्ष-दोन वर्षांनी डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासायला जा. काचबिंदू दुखत नाही, दिसणं कडेनं कमी करत आणतो, आणि त्याला कुठलाही व्यायाम ठाऊक नाही. डोळ्यापुढं एकदम वीज चमकल्यासारखी व्हायला लागली, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी.

दोरी अजून खिडकीला बांधलेलीच आहे. लाल मणी आता चार बोटांवर आलाय. पावसाळ्यात सासूबाई तिच्यावर हातरुमाल वाळत घालतात. मी काही म्हटलं की म्हणतात, "अगं, हिरव्याच्या पलीकडे घातलेत, तुझी फुली मोकळी आहे."